दप्तरात बांधलेली जखम

१९४० साली भैंसा गावी जन्मलेल्या आणि आयुष्यभर त्याच घरात राहिलेल्या माणसाला एका जन्मात पाच पत्ते लाभले. जन्मला तेव्हा तो निजामाच्या हैदराबाद संस्थानातील नांदेड जिल्ह्याचा रहिवासी होता. १९४८ च्या सप्टेंबरानंतर तो भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्याचा नागरिक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे गाव आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात गेले. २ जून २०१४ रोजी ते तेलंगणात आले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी नव्याने निर्माण झालेल्या निर्मल जिल्ह्यात जाऊन स्थिरावले. एवढ्या काळात त्याच्या घराचा उंबरठा तसूभरही हलला नाही. हलत राहिला तो नकाशा. नकाशा हलतो तेव्हा सीमेवरचे दगड हलतात, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलतात आणि दप्तरे एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. या हलवाहलवीत कागद गहाळ होतात हे आपण समजू शकतो. पण कागदांबरोबर एखाद्या समाजाची स्मृतीच गहाळ झाली तर तिची फिर्याद कोणत्या कचेरीत नोंदवायची, हा प्रश्न भैंशासारखी गावे आपल्याला विचारीत आहेत.

१९५६ चा राज्यपुनर्रचना कायदा उघडून पाहावा. मराठी भाषकांचा नांदेड जिल्हा मुंबई राज्याला देताना त्या कायद्याने काही महसुली मंडळे वगळली. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन. आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही तीन. उलट दिशेने आदिलाबादकडून किनवट, राजुरा आणि इस्लापूर हा मुलूख इकडे आला. भाषावार प्रांतरचनेत असा देवघेवीचा व्यवहार अटळ होता आणि त्याबद्दल आज कोणाशी भांडावे असेही नाही. भैंशाच्या कापसाच्या बाजारात मराठी, तेलुगु आणि उर्दू या तिन्ही भाषा शतकानुशतके एकमेकींशी घासाघीस करीत नांदल्या आहेत. परंतु या व्यवहाराचा एक परिणाम कोणाच्या लक्षात आला नाही. मराठवाड्याचा इतिहास लिहिणारी लेखणी नव्या सीमेपाशी येऊन थांबू लागली. तेलंगणाचा इतिहास लिहिणारी लेखणी नलगोंडा आणि वरंगळच्या सशस्त्र लढ्यात रमली. मधल्या पट्ट्यातील माणसांनी १९४७-४८ साली जे भोगले ते ना या बखरीत पुरेसे आले, ना त्या बखरीत.

काय भोगले होते या मुलखाने? त्या भोगाचे दोन अध्याय आहेत आणि ते एकापाठोपाठ एक वाचल्याखेरीज कोणताही एक समजत नाही.

पहिला अध्याय रझाकारांचा. देश स्वतंत्र झाला तरी हैदराबादच्या एक कोटी साठ लाखांवर प्रजेला स्वातंत्र्याची पहाट दिसली नव्हती. लातूरचा वकील कासीम रझवी इत्तेहाद-उल-मुसलमीनच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा सेनापती बनून लाल किल्ल्यावर असफिया ध्वज फडकवण्याच्या वल्गना करीत होता आणि त्याचे रझाकार गावोगाव खंडणी, जाळपोळ व हत्या यांचे सत्र चालवीत होते. नांदेड जिल्ह्यात बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली ती १९४६ मध्येच. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात निःशस्त्र ग्रामस्थांचे शिरकाण झाले. जनतेचा निःपात करणाऱ्या या शक्तीला विरोध करणाऱ्यांत केवळ हिंदूच होते असे नव्हे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबउल्ला खान याने भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्याची निर्घृण हत्या करण्यात आली. या अध्यायाचे स्मरण आपण दर वर्षी करतो आणि ते केलेच पाहिजे.

दुसरा अध्याय १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरल्यानंतरचा. १७ तारखेला निजामाने हार मान्य केली, १८ तारखेला त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. संस्थानी हुकूमशाहीचा अंत झाला. तो व्हायलाच हवा होता. पण त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतून सूडाचा जो वणवा पेटला, त्याच्याविषयी आपली पाठ्यपुस्तके मौन पाळतात. रझाकार पळाले, त्यांचे म्होरके तुरुंगात गेले. मागे उरलेल्या साध्या मुसलमान शेतकऱ्याला, विणकराला, अत्तर विकणाऱ्या म्हाताऱ्याला रझाकारीची किंमत चुकवावी लागली.

पंडित नेहरूंच्या कानी या वार्ता गेल्या तेव्हा त्यांनी एक सद्भावना मंडळ पाठवले. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख होते आणि काझी अब्दुल गफ्फार त्यांचे सहकारी. ही निवड आज विलक्षण अर्थपूर्ण वाटते. सुंदरलाल म्हणजे ‘भारत में अंग्रेज़ी राज’ या ग्रंथाचे कर्ते. तो ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध होताच इंग्रज सरकारने जप्त केला होता. काझीसाहेब हैदराबादच्या ‘पयाम’ दैनिकाचे संपादक आणि ‘लैला के ख़ुतूत’ या गाजलेल्या कथाकृतीचे लेखक. एक जप्त झालेला इतिहासकार आणि एक कथाकार अशी ही जोडी राष्ट्राच्या सदसद्विवेकाचे डोळे बनून २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानभर हिंडली. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. शेकडो साक्षी ऐकल्या. कुजत्या प्रेतांनी भरलेल्या विहिरी त्यांना दाखवण्यात आल्या. रझाकार दर गावाकडून महिन्याला ठरावीक रक्कम उकळीत आणि ती नाकारणाऱ्या गावाची लूट होई, हे त्यांनी नोंदवले. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मेलेल्यांची संख्या सत्तावीस हजार ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी, असा अंदाजही त्यांनी नोंदवला. सर्वांत होरपळलेले जिल्हे त्यांच्या मते चार होते : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. भैंसा तेव्हा नांदेड जिल्ह्यात होते, हे येथे पुन्हा लक्षात घ्यावे.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. ठिकठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. समव्यावसायिकांमधला बंधुभाव तर मंडळाला विशेष आढळला. काही गावांत हिंदू कोष्टी मुसलमान विणकरांच्या बाजूने हिंदू जमावापुढे उभे राहिले. ज्या हातांना एकाच धाग्याची सवय होती त्या हातांना तो धागा तोडवला नाही.

हा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. सरदार पटेलांना ही पाहणीच रुचली नव्हती. नव्याने जुळलेल्या राष्ट्रात असा कागद उघड करणे म्हणजे आगीत तेल ओतणे, असे राज्यकर्त्यांना वाटले असल्यास त्या क्षणाची कठोरता आपण समजून घेऊ शकतो. फाळणीच्या जखमा भळभळत होत्या, गांधीजींच्या हत्येला वर्ष उलटले नव्हते. पण क्षणाची गरज पिढ्यांची रीत कशी बनते, याचे हा अहवाल उत्तम उदाहरण आहे. त्याचे काही उतारे कालांतराने इंग्रजी नियतकालिकांतून बाहेर आले आणि तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहता येऊ लागल्याची वार्ता आली ती २०१३ साली. म्हणजे पासष्ट वर्षांनी! ज्या सुंदरलालांचा ग्रंथ परकी सरकारने उघडपणे जप्त केला, त्यांचाच अहवाल स्वकीय सरकारने आवाज न करता कपाटात ठेवला. जप्तीविरुद्ध लढता तरी येते. कपाटाशी कोण लढणार?

दरम्यान वरच्या थरातल्यांचे हिशेब मात्र सफाईने मिटले. संस्थानचा अधिपती १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच राज्याचा राजप्रमुख म्हणून मानाने नांदला. कासीम रझवी शिक्षा भोगून १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. ज्यांनी आग लावली त्यांना गादी किंवा परदेश मिळाला. ज्यांची घरे जळली त्यांना विस्मृती मिळाली.

आज १७ सप्टेंबरच्या दिवसाची काय अवस्था आहे? महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात तो २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव. केंद्र सरकारच्या लेखी हैदराबाद मुक्ती दिन. तेलंगणात २०२२ साली तो राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून साजरा झाला, तर २०२४ साली सत्तांतरानंतर प्रजापालन दिन म्हणून. एका तारखेला इतकी नावे लागतात तेव्हा तिच्या पोटात काहीतरी न बोललेले दडलेले असते. प्रत्येक पक्षाला त्या दिवसाचा आपल्या सोयीचा तुकडा हवा आहे. एकाला रझाकार आठवावयाचे आहेत आणि विहिरी विसरावयाच्या आहेत. दुसऱ्याला विहिरी आठवावयाच्या आहेत आणि गोरटा विसरावयाचे आहे. अर्ध्या स्मृतीइतके धारदार शस्त्र दुसरे नसते.

या शस्त्राचे वार अधूनमधून दिसतात. ऑक्टोबर २००८ मध्ये भैंशात दुर्गाविसर्जनाच्या मिरवणुकीवरून दंगल उसळली, माणसे मारली गेली आणि दोन दिवसांनी जवळच्या वाटोली गावात एका मुसलमान कुटुंबातील सहा जणांना घरात जाळण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये आणि पुन्हा मार्च २०२१ मध्ये हे गाव पेटले. या घटनांची सर्व कारणे १९४८ मध्ये शोधणे हा बाळबोधपणा ठरेल. त्यांना ताजे राजकारण आहे, ताजी अफवा आहे, ताजे हितसंबंध आहेत. पण अफवेला रुजण्यासाठी भुसभुशीत जमीन लागते आणि जिथे गतकाळाविषयी खुल्या आवाजात बोलले जात नाही तिथे ती जमीन आपोआप तयार होते. ओसरीवर एक इतिहास सांगितला जातो, पलीकडच्या गल्लीत दुसरा. चावडीवर मात्र कोणताच सांगितला जात नाही.

सरकारी दप्तर मुके राहते तेव्हा बोलण्याचे काम साहित्यावर येऊन पडते. ‘तमस’ची जन्मकथा या दृष्टीने मननीय आहे. भीष्म साहनींनी मार्च १९४७ मधली रावळपिंडीची दंगल प्रत्यक्ष पाहिली होती. पण तिच्यावरची कादंबरी त्यांच्या मनात जागी झाली ती १९७० साली दंगलीने उद्ध्वस्त झालेल्या भिवंडीत हिंडताना. आपल्या महाराष्ट्रातल्या विणकरांच्या गावातले मूक माग पाहून त्यांना तेवीस वर्षांपूर्वीचे आपले गाव दिसले. एका गावाची न सांगितलेली जखम दुसऱ्या गावाच्या जखमेतून बोलू लागते ती अशी. ‘तमस’ला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे १९८८ साली गोविंद निहलानींनी केलेली मालिका दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा तिने दंगली पेटतील, म्हणून न्यायालयात धाव घेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि तिला मनाई करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. अशी कलाकृती दुबळ्या, डळमळीत मनाच्या मापाने मोजायची नसून विवेकी, खंबीर मनाच्या सामान्य माणसाच्या मापाने मोजायची, हे सूत्र त्या निकालाने अधोरेखित केले. लोक सत्य पेलू शकतात, असा विश्वास न्यायालयाने दाखवला. हा विश्वास राज्यकर्त्यांनी १९४८ च्या बाबतीत कधी दाखवला नाही आणि मराठी कादंबरीनेही तो पुरेशा धिटाईने दाखवला, असे म्हणवत नाही.

कल्पना करा, उद्या कोणी मराठी लेखकाने भैंशाची कादंबरी लिहावयास घेतली. तिचा नायक वीर नसावा, खलपुरुषही नसावा. तो मुधोळच्या तहसील कचेरीतला एक साधा कारकून असावा. काळ ऑक्टोबर १९५६ चा. अंगणात दोन छकडे उभे आहेत : एक नांदेडला जाणारा, एक आदिलाबादला. वरून हुकूम आला आहे की जुन्या मिसला मंडळवार वेगळ्या करून ज्या त्या छकड्यात घालाव्यात. कारकून मिसला वेगळ्या करतो आहे. त्याच्या हाती १९४७ चा एक अर्ज येतो. रझाकारांनी धान्याचे पेव फोडून नेले, मुलगा परत आला नाही, अशी एका कुणब्याची फिर्याद. पाठोपाठ १९४८ च्या अखेरचा अर्ज येतो. नवरा मारला गेला, माग जाळला, सारा माफ व्हावा, अशी एका विणकराच्या विधवेची विनवणी. दोन्ही अर्ज एकाच गावचे. गल्लीही एकच. कारकून दोन्ही कागद हातात धरून पेशकारांपुढे उभा राहतो.

“साहेब, हे दोन्ही निकाल न झालेले अर्ज आहेत. कोणत्या छकड्यात घालू?”

पेशकार चष्म्यावरून पाहतात. “जुने कागद आहेत. नव्या सरकारला जुनी भांडणे कशाला पाठवता?”

“पण साहेब, अर्जदार जिवंत आहेत.”

पेशकार उत्तर देत नाहीत. संध्याकाळी छकडे निघून जातात. कारकून ते दोन्ही अर्ज एकाच दोरीने बांधून घरी नेतो आणि माळ्यावर ठेवतो. त्याला ते वेगळे बांधणे जमले असते. त्याने ते केले नाही, एवढाच त्याचा पराक्रम.

असा कारकून मुधोळला होता असा आमचा दावा नाही. तो कल्पनेतला आहे. पण राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी म्हणून जे काही असते ते या एका दोरीत असते, असे आम्हाला वाटते. कुणब्याचा अर्ज खरा मानणारा आणि विधवेचा खोटा म्हणणारा, किंवा याच्या उलट करणारा, हे दोघेही कागदाला न्याय देत नसतात. ते फक्त आपल्या जातभाईंची वकिली करीत असतात. दोन्ही अर्ज एकत्र वाचणे म्हणजे दोन्ही अपराधांना समान तोलणे नव्हे. रझाकारांच्या जुलमाला राजसत्तेचे अभय होते. नंतरच्या सूडाच्या वेळी नव्या सत्तेचे संरक्षण पुरे पडले नाही आणि सैनिक व पोलिसांपैकी काही जण लुटीत सामील झाल्याचे सुंदरलाल मंडळाने स्पष्ट लिहून ठेवले. या दोन गोष्टींतला भेद अभ्यासकांनी जरूर करावा. पण भेद करण्यासाठीसुद्धा दोन्ही कागद टेबलावर असावे लागतात.

जुनी मढी उकरून काय साधणार, असा प्रश्न विचारला जाईल. तो प्रामाणिकपणे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे की, मढी पुरलेली असतात तेव्हाच ती उकरावी लागतात. येथे ती पुरलीच गेली नाहीत. पुरताना चार माणसे जमतात, नाव उच्चारले जाते, माती लोटली जाते. विहिरीत पडलेल्यांच्या वाट्याला ते आले नाही.

दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवताना आपल्या अंगावरच्या खुणा लपवणे शोभत नाही. आमच्या किनाऱ्यावरही एक मुक्तिदिन आहे. १९ डिसेंबर १९६१ ही तारीख आम्ही अभिमानाने मिरवतो, १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींना वंदन करतो. पण डिसेंबर १९८६ मध्ये राजभाषेच्या वादात याच भूमीत शेजाऱ्याने शेजाऱ्यावर हात उचलला आणि माणसे प्राणास मुकली, तो अध्याय मराठीच्या आणि कोकणीच्या अभिमान्यांनी एकत्र बसून कधी वाचला आहे काय? आपापल्या व्यासपीठावर आपापले हुतात्मे आठवण्याची रीत आमच्याकडेही आहेच. भैंसा आमच्यापासून फार दूर नाही.

करण्यासारखे काय आहे? सुंदरलाल अहवालाची अधिकृत आवृत्ती मराठी, तेलुगु, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांत सरकारने प्रसिद्ध करावी. ज्यांच्या पूर्वजांविषयी तो आहे ते इंग्रजी वाचत नाहीत. रझाकारांच्या बळींची गावनिहाय नोंदही तितक्याच काटेकोरपणे त्याच ग्रंथमालेत यावी. महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक यांच्या विद्यापीठांनी सीमेचा विचार न करता उरल्यासुरल्या साक्षी टिपून घ्याव्यात. यात विलंबाला जागा नाही. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. आणि १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनानंतर हुतात्म्यांच्या नावांबरोबर त्या अनाम कोष्ट्यांचेही स्मरण व्हावे, जे आपल्या शेजाऱ्याच्या दारात आडवे उभे राहिले. त्यांना कोणत्याही पक्षाने अजून आपले म्हटलेले नाही.

भैंशापासून जवळच उमरी आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी वीस लाखांच्या घरातली रक्कम हस्तगत केली. त्या पैशाला कोणी वैयक्तिक हात लावला नाही, त्याचा चोख हिशेब पुढे देण्यात आला, हे मराठवाडा आजही अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान यथार्थ आहे. जंगलात लपून लढणाऱ्या तरुणांना जर लुटीतल्या पैचा हिशेब ठेवता आला, तर पंचाहत्तर वर्षे निर्वेधपणे राज्य करणाऱ्यांना माणसांचा हिशेब देता येऊ नये? माळ्यावरची ती दोरी सोडण्याची वेळ केव्हाच होऊन गेली आहे. अर्जदारांपैकी फारच थोडे आता उरले आहेत.